जुहूचे फाटक आणि आपला गाडीतळ

गेल्या महिन्यात भाच्याकडच्या कार्यासाठी मुंबईला जुहूस जाणे झाले. भाच्याची मोटार पुढे, आमची जीप मागे. सोसायटीच्या फाटकाशी त्याची गाडी चार-पाच मीटरवर येताच दांडा आपोआप वर गेला. रखवालदार खुर्चीतून उठलासुद्धा नाही. आम्ही मात्र अडलो. वहीत नाव, गाव, नंबर लिहा, मगच आत! भाचा म्हणाला, "मामा, काचेवरचा टॅग वाचतो तो." टोलनाक्यावरच्या फास्टॅगचाच हा भाऊ.

सभासद बंधूंनो, करामत साधी आहे. स्टिकरच्या आत बारीकशी चिप व पातळ अँटेना असते, बॅटरी नसते. रीडरकडून रेडिओ लहरी येतात, त्यांच्याच जोरावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत सांगते. पैसे टॅगात नसतात, खात्यात असतात.

राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, राज्याच्या टोलनाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून. मुंबईच्या वेशीवरील वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर येथे हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. ट्रकला ती माफी नाही. तेव्हा साखर घेऊन जाणाऱ्या ट्रकमालकांनी खात्यात शिल्लक ठेवावी. आमचाच टॅग वाटेत बंद निघाला, कारण बँकेने मागितलेले कागद आम्ही दिलेच नव्हते. दुप्पट टोल भरला आणि घरच्यांचे बोलणे ऐकले ते वेगळेच.

पण खरा प्रश्न आपल्या गाडीतळाचा. "माझी गाडी आधी आली, नंबर मागे कसा?" ही भांडणे कोणाला नवीन आहेत? तोडलेला ऊस तासातासाला वाळतो. वजन घटते ते शेतकऱ्याचे, उतारा घटतो तो सगळ्यांचा. फाटकावर व काट्यावर रीडर बसले तर गाडी आल्याची वेळ आपोआप नोंदली जाईल, पेन्सिलीने नंबर पुढे-मागे होणार नाही.

अडचणी आहेतच. या लहरी पाणी व लोखंडापुढे हात टेकतात. केबिनवर ओला ऊस लोंबत असला, टॅगवर चिखल बसला, की रीडर आंधळा. पत्र्यावर साधा टॅग चालत नाही, लोखंडासाठीचा वेगळा घ्यावा लागतो. बऱ्याच ट्रॅक्टरांना काचच नाही. आणि बैलगाडीला तो लावायचा कुठे? बैलाच्या कपाळावर तर नाही! दांडीला प्लास्टिकच्या पट्टीत बांधून पाहावा असे मला वाटते. टॅग काढून चुलतभावाच्या गाडीला लावणारेही निघतील; म्हणून एकदा काढला की फाटेल असाच हवा.

शिवाय टॅग गाडी ओळखतो, वजन करीत नाही. काट्याची तपासणी पूर्वीसारखीच सभासदांसमोर झाली पाहिजे, त्यात सूट नाही.

येत्या हंगामात थोड्या गाड्यांवर हे करून पाहावे असे आम्ही शेतकी खात्यातर्फे सुचवले आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. बैलगाडीवाल्यांनी तर अवश्य यावे.