वणव्यात घर कशाने पेटते?

८ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पॅरडाइज हे डोंगरउतारावरचे गाव वणव्यात जवळजवळ संपूर्ण जळाले. या वणव्यात ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८ हजारांहून अधिक लहानमोठ्या इमारती नष्ट झाल्या. नंतरच्या छायाचित्रांत मात्र एक चमत्कारिक गोष्ट दिसते. अनेक ठिकाणी घराची राख झाली आहे, पण शेजारची झाडे उभी आहेत. काहींची पाने तर हिरवीच आहेत. ज्वाळांची भिंत चालून आली असती, तर आधी झाडे जळायला हवी होती. मग घरे पेटली कशाने?

लाकडी भिंत पेटायची तर तिला पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ मिळावी लागते. कॅनडाच्या उत्तर भागात १९९७ ते २००० या काळात जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून प्रयोग करण्यात आले. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी जंगलाच्या कडेपासून १०, २० आणि ३० मीटर अंतरावर लाकडी भिंती उभारल्या होत्या. १० मीटरवरील काही भिंती पेटल्या. २० आणि ३० मीटरवरील एकही पेटली नाही. याची कारणे दोन. अंतर वाढले की ज्वाळेकडून येणाऱ्या प्रारणाची तीव्रता घटते. आणि एका जागचे बारीक इंधन थोड्याच वेळात संपून मोठी ज्वाळा पुढे सरकते.

परंतु वाऱ्यावर उडणारे निखारे ३० मीटरवर थांबत नाहीत. ते एखादा किलोमीटर किंवा त्याहूनही दूर जाऊन पडतात. बहुतेक विझतात, पण एखादा पन्हळीतल्या वाळक्या पानांत किंवा पायरीखालच्या कचऱ्यात पडतो आणि तेथून आग घरात शिरते. पुढे जळते घरच शेजारच्या घराला पेटवते. झाडाची ज्वाळा लवकर ओसरते, घर मात्र तासन्‌तास जळत राहते.

निखाऱ्याने तुळई पेटत नाही, पण पाचोळा पेटतो. असे का? १० सेंटिमीटर बाजूचा लाकडी घन घेऊ. त्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ सेंटिमीटर बाजूचे १००० घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६००० चौरस सेंटिमीटर होते. लाकूड तेवढेच, पृष्ठभाग दसपट! शिवाय बारीक तुकडा लवकर वाळतो आणि लवकर तापतो. म्हणून चूल पेटवताना आपण आधी काटक्या लावतो, ओंडका नंतर.

रान साफ करण्याचे शास्त्र यातूनच निघते. कॅलिफोर्नियात घराभोवती सुमारे ३० मीटरपर्यंत काळजी घ्यायला सांगतात. पण सर्वांत महत्त्वाचे आहे ते भिंतीलगतचे पहिले दीड मीटर. तेथे वाळके गवत, सरपण, झुडूप असे काहीच नसावे. त्यापुढे सगळी झाडे तोडण्याची गरज नसते. आगीला गवतावरून झुडपावर, झुडपावरून खालच्या फांदीवर आणि तेथून शेंड्यावर चढायला जी शिडी मिळते, ती मोडायची असते. म्हणून गवत साधारण १० सेंटिमीटरपर्यंत कापतात, जमिनीपासून दोनएक मीटरपर्यंतच्या फांद्या छाटतात, झुडपांत अंतर ठेवतात. उतारावर हे अंतर अधिक हवे, कारण वर चढणारी ज्वाळा पुढचे इंधन आधीच तापवते. जमीन अगदी उघडी करणेही योग्य नाही. पहिल्याच पावसात माती वाहून जाते. आणि कापलेले गवत घराजवळ ढीग करून ठेवले, तर सारी मेहनत फुकट गेली.

आपल्या सह्याद्रीतला वणवा बहुधा जमिनीलगत पसरतो. पावसाळ्यात माजलेले गवत थंडी संपता संपता वाळते आणि पानझडी झाडांचा पाचोळा त्यात भर घालतो. वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो, तीही इंधनाची सलगता तोडण्यासाठीच. आपल्याकडे भिंती मातीच्या वा चिऱ्याच्या असल्या तरी छपराचे वासे, गोठा, गवताच्या उडव्या आणि आंबा-काजूच्या बागा धोक्यात येतात. सफाई करायची ती गवत पुरते वाळण्याआधी. भर उन्हात, वाऱ्याच्या वेळी कचरा पेटवून केलेली सफाई हीच वणव्याची सुरुवात ठरू शकते. त्यापेक्षा पाल्याचे खत करावे.

डोंगराळ भागातील शिक्षकांनी जानेवारीत एक उपक्रम जरूर घ्यावा. विद्यार्थ्यांना शाळेच्या इमारतीभोवती दीड, दहा आणि तीस मीटरच्या खुणा करायला सांगाव्यात. प्रत्येक पट्ट्यात काय पेटू शकेल, त्यातले बारीक कोणते, जाड कोणते आणि ‘शिडी’ कोठे तयार झाली आहे, याचा नकाशा त्यांनी काढावा. मोठ्यांच्या मदतीने पन्हळीही तपासून घ्यावी. हाच नकाशा मग प्रत्येकाने आपल्या घराचा करावा. खराटा आणि कोयता एवढ्यावर भागणारे हे काम आहे. पण ते वणवा दिसण्याच्या आधी व्हायला हवे.