खालून पहिला नंबर

वर्गात शेवटचा नंबर आला की आपल्याकडे थट्टेने 'खालून पहिला' म्हणतात. त्या थट्टेत थोडी समजूत असते, थोडी बोच असते. पण खालून पहिला आल्याबद्दल कुणी बक्षीस दिल्याचे ऐकिवात नाही. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत मात्र असे बक्षीस मिळते. एवढेच नव्हे, तर ते मिळावे म्हणून आपल्याच संघाच्या पराभवावर टाळ्या वाजवणारे प्रेक्षकही तिथे होऊन गेले आहेत.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, १९१७ साली सुरू झाली. आज तिच्यात अमेरिका आणि कॅनडातील ३२ संघ आहेत. बर्फावरची ही हॉकी आपल्या मैदानी हॉकीपेक्षा फार वेगळी. पण लीगची घडण आपल्याला चांगली ओळखीची आहे. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा हजर असतो ना? तसेच इथेही. दार बंद. आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही.

शिवाय इथे दरवर्षी अठराएक वर्षांच्या नव्या खेळाडूंची वाटणी होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघाने आधी निवड करावी, म्हणजे तो सावरेल, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण एखाद्या वर्षी असामान्य मुलगा येणार असेल, तर शेवटचा नंबर हाच मोठा मान ठरतो. म्हणून वरच्या निवडींसाठी सोडत काढतात. मात्र त्या सोडतीतही सर्वाधिक संधी तळाच्या संघालाच असते.

एका हंगामाची गोष्ट

२०१५ साली असा मुलगा होता कॉनर मॅकडेव्हिड. बफेलो सेबर्स आणि ॲरिझोना कायोटीज हे दोन संघ तळाशी होते. २६ मार्चला बफेलोच्याच बर्फावर दोघांचा सामना झाला. बरोबरीनंतर जादा वेळेत ॲरिझोनाच्या सॅम गॅन्येने गोल केला आणि आपला संघ हरला म्हणून घरच्या प्रेक्षकांतून आनंदाचा गजर उठला. त्या प्रेक्षकांना दोष तरी कसा द्यावा? नियमांनीच त्यांना ते शिकवले होते.

हंगामाअखेर बफेलोचे ५४ गुण झाले आणि ॲरिझोनाचे ५६. जिंकणाऱ्याला दोन गुण आणि जादा वेळेत हरणाऱ्याला एक, असा हिशेब असतो. म्हणजे तो एक गोल उलट बाजूला झाला असता, तर दोघेही ५५ वर आले असते. पुढे सोडतीत पहिली निवड खालून तिसऱ्या आलेल्या एडमंटन ऑयलर्सला मिळाली आणि मॅकडेव्हिड तिकडे गेला. बफेलोला दुसरी निवड मिळाली, जॅक आयकलची. तो २०२१ मध्ये वेगासला गेला आणि २०२३ मध्ये त्या संघाबरोबर स्टॅन्ली चषक जिंकला. २०१२ ते २०२५ असे सलग १४ हंगाम बफेलोला बाद फेरी दिसली नाही. हरण्याची सवय लावून घेणे सोपे असते, ती सुटायला वर्षे लागतात.

आता त्याच वर्षीची दुसरी बाजू पाहू. एनएचएलच्या खालची पायरी म्हणजे अमेरिकन हॉकी लीग. जून २०१५ मध्ये तिचे अजिंक्यपद न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर मोनार्क्सने पटकावले. बक्षीस काय? हा संघ लॉस एंजेलिस किंग्जच्या मालकीचा होता. किंग्जला आपले राखीव खेळाडू घराजवळ हवे होते. त्यामुळे आधीच ठरल्याप्रमाणे संघ कॅलिफोर्नियातील ऑन्टारिओ या शहरात गेला आणि तिथला तिसऱ्या पायरीचा संघ मँचेस्टरला आला. नाव मोनार्क्सच राहिले. पण २०१९ मध्ये तेही बंद पडले.

एकाच हंगामात वरचा शेवटचा संघ जागेवरच राहिला आणि खालच्या विजेत्याचे गाव एक पायरी उतरले.

बड्ती आणि हिंबड्ती

नोकरदार घरांत 'बढती' हा शब्द आपुलकीचा आहे. कन्नडमध्येही तो 'बड्ती' म्हणूनच नांदतो आणि त्याच्या उलट असलेल्या पदावनतीला कन्नडमध्ये 'हिंबड्ती' असा नेमका शब्द आहे. खेळातही ही जोडी जुनी आहे. रणजी करंडकात २०२४-२५ च्या हंगामात गोव्याने प्लेट गट जिंकला आणि एलिट गटात जागा मिळवली, हे शेजारचेच उदाहरण.

आइस हॉकीत ही पद्धत पाहायची तर स्वीडनला जावे लागते. तिथल्या वरच्या लीगमध्ये १४ संघ असतात. तळाचे दोन एकमेकांशी मालिका खेळतात आणि हरणारा खाली जातो. स्टॉकहोमचा यूरगोर्डेन हा त्या देशातील सर्वाधिक अजिंक्यपदे मिळवणारा क्लब; तोही २०२२ मध्ये खाली गेला. नावाकडे पाहून कुणी सूट दिली नाही. पुढची दोन वर्षे बढतीच्या अंतिम मालिकेत तो हरला, २०२३ मध्ये मोडोकडून आणि २०२४ मध्ये ब्रूनेसकडून. अखेर २०२५ मध्ये वर आला. त्याच वर्षी मोडो पुन्हा खाली गेला. ब्रूनेस तर १९६० पासून वरच्याच लीगमध्ये होता. २०२३ मध्ये तो घसरला आणि वर्षभरात परतलाही. तिथे तळाच्या सामन्यात दुसऱ्याच्या गोलवर टाळी वाजवणारा घरचा प्रेक्षक शोधून सापडायचा नाही.

अमेरिकेत असे झाले तर?

क्षणभर कल्पना करू या. ३२ संघांचे दोन भाग करायचे, वर २० आणि खाली १२. दरवर्षी वरचे शेवटचे दोन खाली आणि खालचे पहिले दोन वर. मग २०१५ ची बफेलोची ती रात्र कशी गेली असती? तोच बर्फ, तेच दोन संघ. पण जादा वेळेत प्रत्येक जण उभा राहून श्वास रोखून पाहत असता. तो गोल झाल्यावर गजर नव्हे, शांतता पसरली असती. आणि खालच्या भागातील एखाद्या लहान शहरात त्याच वेळी बढतीचे गणित मांडले जात असते.

मग हे होत का नाही? पहिली अडचण पैशाची. वेगासने २०१७ मध्ये खेळायला सुरुवात केली, ती ५० कोटी डॉलर प्रवेशशुल्क भरून. २०२१ मध्ये आलेल्या सिएटलने ६५ कोटी भरले. हा पैसा वरच्या पंगतीत बसण्यासाठी दिलेला असतो. दोन वर्षांनी उठवून खालच्या पंगतीत बसवणार असाल, तर इतके पैसे कोण देईल?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. अमेरिकन हॉकी लीगचे संघ स्वतंत्र नाहीत. प्रत्येक संघ एनएचएलच्या एखाद्या संघाला जोडलेला असतो आणि महत्त्वाच्या खेळाडूंचे करार वरच्या संघाकडे असतात. रोपवाटिकेतल्या रोपाने शेताशी स्पर्धा कशी करायची? मँचेस्टरला बढती द्यायची म्हटले असते, तरी संघ मुळात मँचेस्टरचा होताच कुठे?

स्वीडनमध्ये क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांचा हक्क सभासदांच्या संस्थेकडे ठेवावा लागतो. त्यामुळे संघ खाली गेला तरी गावातच राहतो. अमेरिकेत संघ मालकाबरोबर गाव बदलतो. २०२४ मध्ये ॲरिझोनाचा संघ असाच युटा राज्यात हलला. म्हणून बढती-पदावनतीचा प्रश्न वरवर नियमांचा दिसला, तरी आत संघ कुणाचा, हा आहे.

पदावनतीने सारे आलबेल होते असेही नाही. जर्मनीत २०२४ मध्ये आउग्सबुर्गचा संघ तळाला राहूनही वाचला, कारण खालच्या लीगचा विजेता रेगेन्सबुर्ग वरच्या लीगच्या परवान्यासाठी पात्र नव्हता. मैदानावर जिंकून पुरत नाही. गाठीला पैसा आणि बसायला स्टेडियम लागते. शिवाय संघ घसरला की खेळाडूंबरोबर तिकीट खिडकीवरच्या माणसाच्या पोटालाही चिमटा बसतो.

गंमत म्हणजे ज्या स्टॅन्ली चषकासाठी हा सारा खटाटोप, तो सुरुवातीला उघड्या दाराचा होता. १८९२ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरलनी तो दिला, तेव्हा विजेत्याला आव्हान देता येत असे. १९०५ मध्ये दूर उत्तरेच्या डॉसन सिटीचा संघ जवळपास महिनाभर प्रवास करून ओटावाला पोहोचला आणि ९-२, २३-२ असा सपाटून हरला. पण १९०७ मध्ये कीनोरा या छोट्याशा गावाने मॉन्ट्रियलच्या संघाला हरवून चषक घरी नेला. तो जिंकणारे इतके लहान गाव पुन्हा झाले नाही.

बंद दाराची झळ आपल्या शेजारीही लागली आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो क्लब २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वर आला. पण २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगला सर्वांत वर बसवण्याचा आराखडा आला. तिथे जिंकून पोहोचायची वाट दिसेना. तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनीही आय-लीगच सोडली. घसरण धेंपोने पचवली होती. वर जायची वाटच बंद होणे मात्र पचले नाही. २०२३ मध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा संघ प्रथमच वर गेला, आणि २०२४ मध्ये धेंपोही आय-लीगमध्ये परतला.

एनएचएलमध्ये पदावनती नजीकच्या काळात येईल असे वाटत नाही. पण खालून पहिल्या नंबराचे बक्षीस बंद करायला तेवढ्या उलथापालथीची गरजही नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या उत्तर अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगने साधा उपाय काढला आहे. बाद फेरीची आशा संपल्यानंतरच्या सामन्यांत जो संघ जास्त गुण मिळवेल, त्याला पहिली निवड. दुबळ्या संघाची आशा लवकर संपते, म्हणून त्याला गुण मिळवायला सामनेही जास्त मिळतात. मदत दुबळ्यालाच, पण जिंकून दाखवल्यावर. पुरुषांच्या लीगनेही एवढे उचलले, तरी हंगामाच्या शेवटच्या महिन्यात मुलाला सामना दाखवायला नेणाऱ्या बापाला एक प्रश्न टळेल : 'बाबा, आपण आज हरायला आलोय का?'