मोरबाथच्या कारभारणी

सारा मुलाली यांचे नाव 3 ऑक्टोबर 2025 रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च पदासाठी, जाहीर झाले आणि ‘पहिली महिला’ हे शब्द जगभर मथळ्यांत झळकले. याच मुलाली पूर्वी डेव्हन परगण्यात क्रेडिटनच्या बिशप होत्या. त्याच परगण्यात, एक्समूरच्या माळरानालगत मोरबाथ हे खेडे आहे. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम 33 कुटुंबे होती. चर्चच्या कारभारात बायका कधीपासून आहेत, हे या गावाची हिशेबवही सांगते.

ख्रिस्तोफर ट्रिकी 1520 ते 1574 अशी तब्बल 54 वर्षे इथले पाद्री होते. चर्चचा जमाखर्च ते स्वतः लिहीत आणि गावापुढे वाचून दाखवत. चर्चच्या मेंढ्या गावकऱ्यांनी आपापल्या कळपात सांभाळायच्या आणि लोकरीचा पैसा चर्चच्या खात्यात भरायचा, अशी रीत होती. अविवाहित मुलींचा निधी वेगळा असे. त्याच्या कारभारणी मुलींमधूनच नेमल्या जात. त्या वर्गणी गोळा करत, मूर्तींपुढच्या मेणबत्त्यांचा खर्च भागवत आणि गावाला हिशेब देत.

मग प्रोटेस्टंट धर्मसुधारणेची लाट आली आणि राजधानीतून फर्माने सुटू लागली. 1538 मध्ये मूर्तींपुढे दिवे लावायला बंदी आली. मेणबत्त्यांसाठी उभे राहिलेले निधी एकामागून एक मिटले आणि त्यांच्याबरोबर मुलींचा कारभारही. या धर्मसुधारणेने लोकांना त्यांच्या भाषेतले बायबल दिले, हे खरेच. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

इतिहासकार एमन डफी यांनी 2001 च्या ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ या पुस्तकात ती किंमत मांडली. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडवर मी वाचलेले हे सर्वांत जिवंत पुस्तक. राजे-राण्यांना बाजूला ठेवून डफी मेंढ्या, मेण आणि उधारी वाचतात. 1549 मध्ये नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन-कॉर्नवॉल पेटले, तेव्हा मोरबाथने पाच तरुण एक्झेटरला वेढा घालणाऱ्या बंडखोरांकडे धाडले. त्यांचा खर्च गावाने केला, हे डफींनी याच वहीतून दाखवून दिले.

बंड चिरडले गेले. पुढे राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात ट्रिकींनीही नवी रीत स्वीकारली. गाव टिकले, पण मुलींच्या हाती जी सत्ता होती, ती परत आली नाही. म्हणून मुलाली यांच्या निवडीचे स्वागत करताना एक अपेक्षा ठेवायला हवी. सर्वोच्च आसन एकीला मिळाले, आता गावोगावच्या चर्चचे पैसे आणि निर्णय पुन्हा तिथल्या सामान्य माणसांच्या, बायकांच्या हाती किती येतात, यावर या बदलाची खोली ठरेल.