गळक्या भांड्यांची बाग

रेवदंड्याला आलेल्या पाहुण्याला मी आधी किल्ला दाखवतो आणि मग माझं अंगण. दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत असं म्हटलं की पाहुणा हसतो. पण बघा ना. पोर्तुगीजांनी १५२० च्या दशकात हा कोट बांधायला घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला, आणि आज तटाच्या आत काय आहे? नारळी-पोफळीच्या वाड्या. चर्चच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला केळी वाढतात, सातखणी मनोऱ्याच्या आसपास पाखरांची वस्ती आहे. शत्रूला अडवायला बांधलेला तट आता खाऱ्या वाऱ्याला थोडंफार अडवतो. ज्या कामासाठी वस्तू घडवली ते काम संपलं, म्हणून वस्तू संपत नाही. आमचं गाव म्हणजे एक भलं मोठं जुनं भांडं, आणि त्यात लावलेली बाग.

माझ्या अंगणात हाच प्रकार लहान मापात आहे. चिरेबंदी ओट्यापासून विहिरीपर्यंत पंधरा-वीस पावलांची जागा. तिथे डालड्याचे डबे आहेत, चिनी मातीच्या बरण्या आहेत, बुड गेलेला पाण्याचा बंब आहे, रहाटाचे लोटे आहेत, गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे आणि एक तांब्याचा हंडा आहे. प्रत्येकात काहीतरी हिरवं आहे. लोक विचारतात, ‘ही कल्पना कुठून सुचली?’ खरं सांगायचं तर सुचली नाही, ती अंगावर येऊन पडली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांच्या वाड्या होत्या त्यांना तारीख सांगावी लागत नाही. आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. घराची कौलं उडाली आणि पाऊस थेट माळ्यावर उतरला. दुसऱ्या दिवशी माळा रिकामा करायला घेतला तेव्हा तीन पिढ्यांचं सामान खाली आलं. घंगाळं, तपेली, कंदील, पत्र्याच्या ट्रंका, लोणच्याच्या बरण्या, आणि रहाट बंद होऊन विजेचा पंप आला तेव्हा आजोबांनी जपून ठेवलेली मातीच्या लोट्यांची रास. सगळं अंगणात मांडलं. भंगारवाला आठवड्याभरात दारात हजर झाला. तांब्याचा भाव सांगितला, पितळेचा सांगितला. घरावर कौलं घालायची होती, पैसा हवा होता. मी ‘हो’ म्हणणार एवढ्यात ओट्यावर बसलेली अम्मी म्हणाली, ‘‘वाडी गेली. आता भांडीही घालवतोस का?’’

भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. पण भांड्यांचं करायचं काय? माळ्यावर छप्पर नव्हतं. मग वाटलं, वाडीत लावायला झाडं उरली नाहीत, तर निदान यांत लावू.

इथे माझ्या हातून पहिली चूक झाली, आणि ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं शहाणपण तिच्यातून आलं. मी सगळ्यांत देखणं भांडं उचललं, अम्मीच्या लग्नातला तांब्याचा हंडा. चांगला धडधाकट होता. कुंडीला भोक लागतं एवढं ठाऊक होतं, म्हणून ड्रिलनं त्याच्या बुडाला तीन भोकं पाडली, माती भरली आणि मोगरा लावला. अम्मीनं पाहिलं, काही बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, ‘‘आता हा पाणी धरायचा नाही.’’ आणि मोगरा? तो दोन महिन्यांत पिवळा पडून गेला.

का गेला ते नंतर कळलं. तांबं झाडाला लागतं, पण अगदी कणभर. आंबूस, ओल्या मातीत तांब्याचा अंश उतरत राहतो आणि मुळांची कोवळी टोकं मरतात. परदेशातल्या रोपवाटिका तर मुळं कुंडीत गोल गोल फिरू नयेत म्हणून कुंडीच्या आतून मुद्दाम तांब्याच्या संयुगाचा लेप देत असत. मुळं भिंतीला टेकली की तिथेच थांबतात. मी मोगऱ्याला चारी बाजूंनी तशीच भिंत दिली होती. उपाय अगदी साधा होता. रोप मातीच्या कुंडीत लावायचं आणि ती कुंडी हंड्यात ठेवायची. म्हणजे मी पाडलेली भोकं मुळात गरजेचीच नव्हती. पावसात हंडा छपराखाली घेतला असता तरी भागलं असतं.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. जे भांडं अजून आपलं काम करू शकतं, त्याला ड्रिल लावायचं नाही. बागेत यायचं ते गळकं, चिरलेलं, बुड गेलेलं. शाबूत भांडं आलंच तर ते नुसतं बाहेरचं आवरण, आत झाडाची स्वतःची कुंडी. वझूचा बधना तर बाग सजवायला घेतलाच नाही. तो रोपांना पाणी घालायला वापरतो. त्याच्या चोचीतून बारीक धार पडते, माती उडत नाही. आणि वझूचं पाणी पूर्वीपासून केळीलाच जातं, त्यात नवीन काही नाही.

आता भोकाची गोष्ट. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं कायमच्या भरल्या तर मुळं गुदमरतात आणि कुजतात. अलिबागच्या पट्ट्यात पावसाच्या चार महिन्यांत साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. बिनभोकाचा डबा उघड्यावर ठेवणं म्हणजे झाडाला बुडवून मारणं. पत्र्याच्या डब्याला भोक पाडताना तो लाकडाच्या ओंडक्यावर ठेवावा आणि खिळा आतून बाहेर ठोकावा. बाहेरून आत ठोकला तर भोकाची कड आत वर उचलली जाते आणि तेवढं पाणी बुडाशी साचून राहतं. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही. आणि डबा थेट जमिनीवर न टेकवता विटेच्या दोन तुकड्यांवर ठेवावा. चिनी मातीच्या बरणीला भोक पाडायचंच असेल तर टाइल्सला वापरतात तो ड्रिल घ्यावा, जागेवर चिकटपट्टी लावावी, थेंब थेंब पाणी सोडत सावकाश फिरवावा. घाई केली की बरणीचे तुकडे, आणि ते तुकडे दुसऱ्या कुंड्यांच्या भोकांवर!

बुडाशी खडीचा थर घालावा म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. मीही घालत असे. पण ते तितकंसं खरं नाही. घरी करून बघा. भिजवलेला स्पंज खड्यांवर आडवा ठेवा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. बारीक माती आपलं पाणी मोठ्या पोकळीच्या खडीला सहजी सोडत नाही. ओला थर खाली जाण्याऐवजी वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. आता तोच स्पंज उभा धरा, आणखी पाणी गळेल. म्हणजे उंच भांड्याचा निचरा पसरट भांड्यापेक्षा चांगला. म्हणून आमच्या उभ्या बंबात कोरफड सुखात आहे आणि पसरट घंगाळात पुदिना.

प्रत्येक भांड्याचा स्वभाव वेगळा असतो. मातीचा लोटा श्वास घेतो. त्याच्या अंगातून पाणी बाहेर झिरपतं, वाफ होऊन जातं आणि मुळं गार राहतात. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणानं. लावण्याआधी लोटा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा, नाहीतर पहिलं पाणी तोच पिऊन टाकतो. त्याच्यावर पांढरी पुटं आली तर घाबरू नये, ते पाण्यातले क्षार आहेत, ब्रशनं घासावेत. पत्रा उन्हात तापतो, म्हणून डबे पूर्वेच्या बाजूला, सकाळच्या उन्हात. लोखंडाच्या गंजानं झाडाला अपाय होत नाही, पण खाऱ्या हवेत बुड लवकर सुटतं. बाहेरून रेड ऑक्साइड मारला तर दोन-तीन पावसाळे जास्त निघतात. पितळेच्या जुन्या भांड्यांना डाक लावलेली असते आणि तिच्यात शिसं असू शकतं, म्हणून त्यांत खायची भाजी लावू नये, फुलं लावावीत. रसायनांची पिंपं, बॅटरीचे डबे, कीटकनाशकांचे कॅन कितीही धुतले तरी अंगणात आणू नयेत. बंदरावर पडलेले मासळीचे थर्माकोलचे खोके हलके म्हणून मोहात पाडतात. पण उन्हानं त्यांचा भुगा होतो आणि तो पुन्हा समुद्रातच जातो.

माती मी तीन वाट्यांची करतो : एक वाटा लाल माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा नारळाच्या सोडणांचा भुसा. हा भुसा दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा, कारण त्यात मिठाचा अंश असतो. समुद्राची वाळू तर चुकूनही घालू नये. झाडं निवडताना समुद्राला विचारावं. ज्या बाजूनं खारा वारा येतो तिथे सदाफुली आणि कोरफड. ओट्याच्या आडोशाला मोगरा, अबोली, सब्जा. डालड्याच्या डब्यात मात्र आमच्याकडे गवती चहाच. १९३७ पासून देशभर गेलेले ते पिवळे डबे, त्यावरचं हिरवं ताडाचं झाड. तूप संपल्यावर त्या डब्यानं किती घरांत तुळस सांभाळली असेल! शेजारच्या काकूंच्या दारातली तुळस अशाच डब्यात होती. वादळात डबा उडून आमच्या कुंपणाशी आला, तेव्हा अम्मीनंच त्यातली तुळस एका लोट्यात लावून परत पाठवली.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. एडिस डास भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेवर अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ताटल्या आणि बाहेरची भांडी रिकामी करून आतून घासायची, नुसतं पाणी ओतून भागत नाही. दगडी डोणीत मी कमळीण लावली आहे, पण तिच्यात गप्पी मासे सोडलेत. ते अळ्या खातात.

आता सजावट. भंगाराचं दुकान आणि बाग यांत फरक काय? दुकानात सगळं एकदम दिसतं. बागेत एक वस्तू बघून दुसरीकडे जायला वाट असते. मातीचे लोटे एकत्र, पत्र्याचे डबे एकत्र, उंच मागे, बुटकं पुढे. नक्षीची बरणी असेल तर आत साधं हिरवं पान. साध्या डब्यात रंगीत फूल. दोघांनी एकदम बोलायचं नाही. कवितेतही मी हेच शिकलो, फक्त तिथे जरा जास्त वर्षं लागली.

हे आम्हीच शोधलं असं नाही. चंदीगडला नेकचंद नावाच्या सरकारी नोकरानं फुटक्या कपबश्या, बांगड्या, बांधकामाचा टाकाऊ माल गोळा करून वर्षानुवर्षं गुपचूप एक बाग उभी केली. १९७६ मध्ये ती लोकांना खुली झाली. आपल्या मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करून, जुनी पिंपं आणि टोपल्या वापरून फळं-भाज्या पिकवल्या. तिथे प्रश्न कचऱ्याचा होता, आमच्याकडे आठवणींचा. उत्तर एकच निघालं.

हंड्याचं राहिलं. अलिबागच्या एका कारागिराला विचारलं, तो म्हणाला, ‘‘भोकं बुजवून देतो, पण डाग दिसेल.’’ मी अम्मीला विचारलं. तिनं हंडा फिरवून बघितला आणि म्हणाली, ‘‘राहू दे. तुझ्या बापानं विहिरीवर दोनदा आपटला होता, तेव्हा नाही मोडला. आता बसून खाऊ दे त्याला.’’ आता त्यात मातीची कुंडी आहे आणि कुंडीत नवा मोगरा. तीच भोकं पावसाचं पाणी बाहेर सोडतात. तेवढाच माझ्या चुकीचा उपयोग.

अम्मी आता नाही. मागच्या वर्षी तोच भंगारवाला पुन्हा आला. हंड्याकडे बघून यावेळी त्यानं भाव सांगितला नाही. त्याच्या हातगाडीवर बुड फुटलेली एक पत्र्याची बादली होती, ती उतरवून म्हणाला, ‘‘साहेब, हिला वजन नाही. तुम्हीच ठेवा.’’ मी त्याला डालड्याच्या एका डब्यात गवती चहाचं ठोंब लावून दिलं. बादलीत अबोली लावली आहे. कार्तिकात फुलली.