मेदोरोगातील पथ्य आणि ‘मोकळा दिवस’

“डॉक्टर, सहा दिवस तुम्ही सांगाल तसे खातो, पण रविवार तेवढा मोकळा द्या.” बारामती व इंदापूर तालुक्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यांना ही विनवणी आता परिचयाची झाली आहे. व्यायामशाळेत जाणारे तरुण यालाच ‘चीट डे’ म्हणतात. वजन उतरविण्यासाठी पथ्य पाळणाऱ्या रुग्णास असा दिवस द्यावा की नाही, याविषयी वैद्य एक सांगतो, औषधविक्रेता दुसरे आणि व्यायामशिक्षक तिसरे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शास्त्र आणि व्यवहार या दोन्ही अंगांनी विचार करण्याचे योजिले आहे.

आरंभीच एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते. पूर्वी आम्हीही अनेक रुग्णांच्या केसपेपरवर ‘रविवार मोकळा’ असे निःशंकपणे लिहीत असू. इंदापूर तालुक्यातील एका मधुमेही गृहस्थांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. रात्री जत्रेचे जेवण होते. त्यासाठी ‘जागा राहावी’ म्हणून त्यांनी दिवसभर काही खाल्ले नाही, मात्र शर्करा उतरविणारी सकाळची गोळी नेमाने घेतली. दुपारी घाम, कंप व भोवळ सुरू झाली. घरच्यांनी वेळीच साखरपाणी दिल्याने अनर्थ टळला. चूक रुग्णाची नव्हती, आमच्या दोन शब्दांची होती.

शास्त्रीय विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात स्थूल पुरुषाच्या अग्नीचे जे वर्णन केले आहे, ते येथे मूलभूत आहे. मेदाने मार्ग रोधले गेल्याने वायू कोष्ठात संचार करतो व अग्नीस प्रदीप्त करतो. त्यामुळे अन्न त्वरित पचते, पुन्हा आहाराची इच्छा होते आणि भोजनकाल टळल्यास घोर विकार संभवतात. अर्थात दिवसभर उपाशी राहून रात्री यथेच्छ भोजन करणे हे ज्यास सर्वांत अधिक बाधक, तो रुग्ण स्थूलच होय. म्हणूनच त्याच्यासाठी गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे. भूक मारणे हा त्याचा हेतू नसून भूक शमवून मेद न वाढविणे हा आहे.

दुसरा आधार पादांशिक क्रमाचा. अहितकर सवय पाव-पाव भागाने सोडावी आणि हितकर सवय त्याच क्रमाने अंगी बाणवावी, हा चरकोक्त उपदेश आपण सारे जाणतो. सात्म्य झालेली गोष्ट एकाएकी सोडणे व असात्म्य गोष्ट एकाएकी धरणे, या दोहोंनी विकार होतात, असे वाग्भटांनीही ऋतुसंधीच्या संदर्भात सांगितले आहे. मोकळ्या दिवसाची पद्धत नेमकी याच्या उलट चालते. सोमवारी सारे एकाएकी सुटते, रविवारी सारे एकाएकी परत येते. सवय पाव भागानेही सुटत नाही, केवळ रविवारची वाट पाहत राहते.

आधुनिक निरीक्षणे

अर्धपोटी ठेवलेल्या माणसाचे मन अन्नाभोवतीच घोटाळते, हे अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी 36 पुरुषांवर केलेल्या प्रयोगात दिसून आले. बंधन उठल्यावर त्यांतील अनेकांना कितीही खाल्ले तरी तृप्ती होईना. म्हणजे रविवारी सुटणारा ताबा हा बहुधा सहा दिवसांच्या अतिरेकी लंघनाचा परिणाम असतो. रुग्णास नुसते ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून दोष देण्यापूर्वी आपण दिलेले पथ्य तपासावे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. ऑस्ट्रेलियात स्थूल पुरुषांवर झालेल्या व 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन आठवडे मित आहार व दोन आठवडे विश्रांती असा क्रम दिलेल्या गटाचे वजन सरासरी 14.1 किलो उतरले. मित आहार अखंड घेणाऱ्या गटाचे 9.1 किलो. पुढील अभ्यासांत सर्वत्र असाच लाभ दिसला नाही. तथापि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की विश्रांतीच्या काळात तेथे शरीराच्या गरजेइतकाच मोजका आहार दिला होता. विश्रांती होती, मेजवानी नव्हती.

साधा हिशोब मांडू. रुग्णाने सहा दिवस रोज 500 कॅलरी कमी घेतल्या, तर 3000 ची बचत झाली. रविवारी गरजेहून 2000 अधिक गेल्या, तर शिल्लक 1000. सोमवारी उरलेले संपविण्यात आणखी 1000 गेल्या, की आठवड्याचे पथ्य शून्यावर आले. ‘सगळे पाळूनही वजन हलत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. याउलट, मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसणारी किलो-दीड किलोची वाढ बहुतांशी पाणी व मीठ यांची असते. ती पाहून रुग्ण खचतो व पथ्यच सोडतो. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी व सकाळीच करण्यास सांगावे.

आपल्या भागातील प्रसंग

आपल्याकडे मोकळा दिवस रविवारपुरता राहत नाही, हेही ध्यानी घ्यावे. ऊसगाळपाच्या हंगामात गुऱ्हाळावरचा रस व गरम गूळ. थंडीत हुरड्याचे आमंत्रण. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि लग्ने. उजनीच्या काठी मासळीचे जेवण. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते, तेव्हा घरोघरी पंगती उठतात. वारकरी दिवसभर चालतो. त्याला वाढणारा यजमान चालत नाही, पण पंगतीस मात्र बसतो.

उपवासाची गतही वेगळी नाही. 75 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम शेंगदाणे व 15 ग्रॅम तूप इतक्या खिचडीत सुमारे 540 कॅलरी होतात, आणि ताटात वेफर व शिकरण असतेच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. रुग्ण मात्र हा दिवस लंघनाच्या खाती जमा करतो.

व्यवहारातील नियम

या सर्वांचा विचार करून आम्ही आता दिवसाला मुभा देत नाही, पदार्थाला देतो. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडला.

1. आठवड्यात एका जेवणात, रुग्णाच्या आवडीचा एकच पदार्थ, प्रमाण ठरवून द्यावा. ‘जत्रेत मटण दोन वाट्या रस्सा-फोडींसह, भाकरी एक, गोड नाही’ असे स्पष्ट लिहावे.

2. त्यापूर्वीचे जेवण टाळू नये. नंतरचे जेवण खरी भूक लागल्यावरच, मुगाचे कढण किंवा कुळथाचे माडगे असे लघू घ्यावे.

3. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी पुढे येऊ नये, हे घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस समक्ष सांगावे. पथ्य एकट्या रुग्णाचे कधीच नसते.

4. रुग्ण वारंवार मुभा मागू लागल्यास मुभा वाढवू नये. रोजचा आहार फार तोकडा तर नाही ना, हे पाहावे.

काही रुग्णांस ही मुभाही सरसकट देऊ नये. शोधनानंतर संसर्जन क्रम चालू असलेले रुग्ण, वातरक्त व पित्ताश्मरीने पीडित, आणि एकदा खाऊ लागल्यावर थांबता न येणारे रुग्ण यांचा स्वतंत्र विचार करावा. इन्सुलिन किंवा शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या आहारात कोणताही बदल त्यांच्या औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्रिफळा चूर्णाची दुप्पट मात्रा किंवा एखादे तीव्र विरेचक मागणारा ग्राहक आपणांस ओळखीचा असेल. रेचनाने मळ व पाणी जाते. खाल्लेल्या अन्नाचा मेद त्यामुळे टळत नाही. खाणे आणि रेचन यांची जोडी जुळली, की अग्नी व मन दोन्ही बिघडतात. अशा ग्राहकास औषध देण्याऐवजी वैद्याकडे पाठवावे. मेदोहर गुग्गुळाची डबी देतानाही ‘हे घेतल्यावर काहीही खा’ असा समज होऊ देऊ नये. त्या दिवशीची एक विक्री बुडेल, पण ग्राहकाचा विश्वास दुकानाशी जोडलेला राहील.

पथ्य हे रुग्णाला दिलेली शिक्षा नव्हे, की ज्यातून आठवड्याला एक दिवस सुटका द्यावी. जे पथ्य जत्रेच्या पंगतीतही निभावते, तेच वर्षभर टिकते. ‘रविवार मोकळा’ हे दोन शब्द लिहिण्यास सोपे आहेत. त्यांच्या जागी काय, किती आणि केव्हा, हे लिहावयास आम्हांस पाच मिनिटे अधिक लागतात. चिकित्सकाने ती पाच मिनिटे द्यावीत, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.