उतारशाळेतली रिकामी खोली

डिसेंबर महिना जवळ आला की इंग्रजी भाषेत एका विशिष्ट जातीच्या चित्रपटांचे पीक येते. त्यांची कथा पोस्टकार्डावर मावेल एवढीच असते. मोठ्या शहरात नोकरी करणारी, कामात बुडून गेलेली एक तरुणी काही निमित्ताने नाताळच्या सुटीत एका लहान गावी येते. गाव बर्फाने झाकलेले असते, घरोघरी दिव्यांच्या माळा लागलेल्या असतात. तेथे तिची गाठ एका साध्या, हातांनी कष्ट करणाऱ्या आणि बहुधा विधुर अशा पुरुषाशी पडते. आरंभी खटका उडतो, मग बिस्किटे भाजता भाजता सूत जुळते, अखेरच्या पंधरा मिनिटांत एक गैरसमज होतो आणि नाताळच्या आदल्या रात्री तो मिटतो. शहरातील नोकरी सुटते. शहरातील वाग्दत्त वर त्यापूर्वीच सुटलेला असतो. मग बर्फ पडू लागतो आणि चित्रपट संपतो.

हे सारे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच उमगते. तरीही तो उठून जात नाही. दुसऱ्या दिवशी तसलाच दुसरा चित्रपट लावून बसतो. जाणकारांनी कितीही नाके मुरडली तरी असा प्रेक्षक मूर्ख असतो असे म्हणता यायचे नाही. त्याला काहीतरी हवे असते आणि ते त्याला तेथे मिळते. ते काय, आणि काय मिळत नाही, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

ते पाहण्यास माळव्यातील धार आणि देवास ही गावे फार सोयीची आहेत. वरवर पाहता हा संबंध ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. पवारांच्या या जुन्या राजधान्यांत कधी बर्फ पडत नाही. परंतु हे चित्रपट ज्या सामग्रीतून तयार होतात ती तीन प्रकारची आहे: शहरातले माणूस जेथे येऊन सुखी होते ते लहान गाव, राजपुत्र भेटतो ते चिमुकले राज्य, आणि कॅनडा. या तिन्हींशी धार-देवासचा संबंध पडद्यावरचा नाही, प्रत्यक्षातला आहे.

कॅनडाचे नाव येथे कसे आले, असे कोणी विचारील. या मालाचा सर्वांत मोठा कारखाना ‘हॉलमार्क’ ही अमेरिकन कंपनी होय. १९१० साली निघालेली ही कंपनी मूळची शुभेच्छापत्रे छापणारी. तिच्या दूरचित्रवाणी वाहिनीने २००९ पासून नाताळच्या चित्रपटांचा वार्षिक हंगामच सुरू केला. अलीकडे दर वर्षी तीस-चाळीस नवे चित्रपट त्यातून बाहेर पडतात. कथा अमेरिकेतील गावांच्या असल्या तरी चित्रण बहुतेक कॅनडात होते, आणि तेही पुष्कळदा ऐन उन्हाळ्यात. बर्फ बनावट असतो आणि लोकरीच्या गळपट्ट्यांत नटनटी घामाघूम झालेल्या असतात. त्यांच्या हातांतील कोकोचे पेले रिकामे आहेत हे तर चौकस प्रेक्षकांनी केव्हाच हेरून ठेवले आहे. त्यांना त्याचीही गंमत वाटते.

तेव्हा गोडी कशाची? मराठी माणसाला तिचे नाव शोधत बसावे लागत नाही. ते माहेर होय. इंग्रजीत या अर्थाचा नेमका शब्द नाही, परंतु हे चित्रपट त्याच्याचभोवती फिरत असतात. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, आपली खोली होती तशीच ठेवलेली आहे, दुकानदार आपल्याला नावाने ओळखतो, हे सुख लहान नव्हे. देवासमध्ये कारखाने आहेत, नोटा छापणारी बँक नोट प्रेस आहे. धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. तरीही तेथल्या मराठी घरांतील शिकलेली मुले पुण्याला, बंगळूरला, तेथून परदेशी जातात. दिवाळीला चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी त्यांना इंदूरच्या स्टेशनावर पोचवायला जावे लागते. अशा घरी एखाद्या संध्याकाळी, परत आलेली मुलगी पुन्हा गेलीच नाही असा चित्रपट आईवडिलांनी पाहिला, तर त्यांना दोष कोण देईल? आजारपणात, एकटेपणात, दिवसभर डोके शिणल्यावर ज्याचा शेवट निश्चित गोड आहे अशी गोष्ट औषधासारखी लागू पडते.

शेवट आधीच ठाऊक असणे हा तर दोष नव्हेच. हरिश्चंद्राची कथा कशी संपते हे माहीत असूनही माणसे कीर्तनाला बसतात. मात्र हरिश्चंद्राला मध्यंतरी राज्य द्यावे लागते, बायको-मुलगा विकावा लागतो, शेवटी स्वतःलाही विकावे लागते. नाताळच्या या चित्रपटांत कोणालाच काही द्यावे लागत नाही. नोकरी सुटते, पण घराचे भाडे थकत नाही. आई वारलेली असते, पण तिच्या आजारपणाचे कर्ज नसते. सणाच्या खर्चाचा हिशेब कोणी करीत नाही. वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. त्यासाठी कोण किती रात्री चुलीपुढे बसले हे घरात सर्वांना ठाऊक असते. पडद्यावर बिस्किटांची चळत एका गाण्याच्या अवधीत तयार होते आणि भांडी घासताना कोणी दिसत नाही.

या चित्रपटांतील एक ठरलेला प्रसंग तर मोठा मासलेवाईक आहे. नायिका गावात येते तेव्हा वादळ सुटलेले असते, सारी हॉटेले भरलेली असतात. तरी गावातील एकुलत्या एक उतारशाळेत नेमकी एक खोली रिकामी निघते, आणि उतारशाळेचा मालक अविवाहित असतो. ज्या घटनेवरून नाताळ सुरू झाला तीत याच्या उलट घडले. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे बादशहाच्या हुकमाने नावनिशी चालू असते. दिवस भरत आलेली स्त्री आणि तिचा पती नासरेथहून बेथलेहेमास येतात, आणि उतारशाळेत त्यांना जागा मिळत नाही. बाळ गव्हाणीत ठेवावे लागते. ख्रिस्ती पंचांगात या सणाआधी चार रविवारांचा आगमनकाळ आहे. तो वाट पाहण्याचा काळ मानतात. हॉलमार्कचा नाताळ ऑक्टोबरातच येऊन बसतो. वाट पाहायला तो कोणाला सवडच देत नाही.

आता राजपुत्रांकडे वळू. २०१७ साली नेटफ्लिक्सने ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ हा चित्रपट आणला. न्यूयॉर्कमधील एक नवशिकी वार्ताहर आल्डोव्हिया नावाच्या कल्पित राज्यात जाते, राजवाड्यात शिक्षिका म्हणून शिरते आणि अखेर तेथील राजाशी तिचे लग्न ठरते. पुढल्या दोन वर्षांत लग्न आणि बाळ असे दोन भागही निघाले. देवासचा वाचक ही कथा किंचित हसूनच ऐकेल. त्याचे गाव एके काळी एक नव्हे, दोन राज्यांची राजधानी होते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या दोन शाखांनी एकच शहर वाटून घेतले होते. तेथेही एक परदेशी लेखक आला. इ. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिवाळ्यात पाहुणा म्हणून आला आणि १९२१ साली थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. १९५३ साली त्याने ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले; ही देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरची. नवा राजवाडा बांधून पुरा होण्याआधीच त्याची पडझड कशी सुरू झाली होती, हे त्यात आहे. महाराजांविषयीचे त्याचे प्रेम शेवटपर्यंत टिकले, पण त्याने काही झाकून ठेवले नाही. महाराजांचा विवाह कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या आक्कासाहेब यांच्याशी झाला होता. तो टिकला नाही. पुढे पुत्रही दुरावला. तोच १९४७ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसला. राज्यावर कर्जाचा डोंगर झाला, महाराज फ्रेंचांच्या पाँडेचरीत जाऊन राहिले आणि १९३७ साली तेथेच वारले. आल्डोव्हियाच्या खजिन्यात पैसा कोठून येतो, हे तिन्ही भागांत मिळून कोणाला विचारावेसे वाटत नाही.

ही झाली राजघराण्याची गोष्ट. शहर सोडून लहान गावी आलेल्या आणि तेथे नवे आयुष्य मिळालेल्या माणसाचीही गोष्ट देवासपाशी आहे, आणि ती कोणत्याही चित्रपटापेक्षा मोठी आहे. बेळगावजवळ जन्मलेले, मुंबईत देवधर मास्तरांपाशी शिकलेले आणि बालपणापासून नावाजलेले गायक कुमार गंधर्व यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते देवासला आले. तेव्हा वय अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातील लोकगीते पडत राहिली आणि त्यांतून पुढे त्यांच्या गायकीचे नवे रूप घडले. लहान गावाने माणसाला बरे केले आणि त्याचे गाणे त्याला परत दिले. पडद्यावरच्या कथेचा सांगाडाच जणू!

परंतु या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. त्यांच्या पत्नी भानुमती स्वतः गाणे शिकलेल्या होत्या. लग्न होऊन वर्षही उलटले नव्हते तोच त्या आजारी पतीला घेऊन अनोळखी गावी आल्या. त्यांनी शाळेत नोकरी धरली, संसार चालविला, शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळू लागल्यावर रोग आटोक्यात आला. तरी एक फुप्फुस जवळजवळ निकामीच राहिले, आणि कुमारांना श्वासाच्या त्या मर्यादेतच आपली गाण्याची रीत बसवावी लागली. १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात भानुमतीबाई वारल्या. देवासच्या टेकडीखालील घराच्या ‘भानुकुल’ या नावात त्यांचे नाव आहे. येथे लहान गावाने जे दिले त्याची किंमत कोणी, किती वर्षे आणि कशी मोजली हे स्पष्ट दिसते. म्हणूनच ते देणे खरे वाटते.

याच ठिकाणी या चित्रपटांचे आणखी एक उणे ध्यानात येते. त्यांच्या लेखी स्त्रीचे काम म्हणजे एक आजार असतो आणि गावातला पुरुष हा त्यावरचा उतारा. कामासाठी घर सोडून गेलेली आणि त्यात चूक न केलेली स्त्री त्यांच्या कल्पनेत बसत नाही. धारच्या इतिहासात मात्र ती आहे, आणि ती आली कॅनडाहूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात डॉ. मार्गारेट ओहारा या कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरीणबाई मध्य हिंदुस्थानात आल्या आणि आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी धारमध्ये स्त्रियांच्या रुग्णालयाच्या कामात घालविली. परपुरुषापुढे नाडी दाखवायलाही ज्या काळी बायका राजी नसत, त्या काळी या गावात स्त्री-डॉक्टर असणे म्हणजे काय हे सांगायला नको. चित्रपटाच्या नियमाने त्यांनी पहिल्याच नाताळात दवाखान्याला कुलूप लावून कॅनडातल्या आपल्या बर्फाच्या गावी परतायला हवे होते!

हलकाफुलका चित्रपट एवढे ओझे कसे पेलणार, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा असता, तर अर्न्स्ट लुबिचचा १९४० मधील ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट निघालाच नसता. एका हंगेरियन नाटकावरून घेतलेली ही नाताळचीच प्रेमकथा आहे, आणि तिच्याइतकी हलक्या हाताने सांगितलेली दुसरी क्वचितच असेल. बुडापेस्टमधील एका दुकानातले दोन नोकर दिवसा एकमेकांशी भांडतात आणि रात्री, परस्परांची नावे न जाणता, एकमेकांनाच प्रेमपत्रे लिहितात. पण या दुकानात प्रत्येकाला नोकरी जाण्याची भीती आहे. एक वयस्क कारकून बायको-मुलांसाठी मालकासमोर यायचेच टाळतो. नायकाची नोकरी खरोखरच जाते. संसार मोडल्याचे कळताच वृद्ध मालक स्वतःवर पिस्तूल झाडायला निघतो आणि दुकानातल्या पोऱ्यामुळे वाचतो.

नाताळच्या आदल्या रात्री विक्री उत्तम होते. दुकान बंद झाल्यावर मालक बाहेर बर्फात उभा राहतो. जेवायला सोबत मिळते का हे तो, तसे न दाखविता, बाहेर पडणाऱ्या एकेका नोकराला विचारून पाहतो. प्रत्येकाला कोठेतरी जायचे असते. सर्वांत शेवटी नवा पोऱ्या बाहेर येतो. त्याचे या शहरात कोणी नाही. मालक त्याला काय काय जेवायचे ते एकेक पदार्थ घोळवून सांगतो, मुलाचे डोळे मोठे होत जातात आणि दोघे जेवायला निघून जातात. नायक-नायिकेची ओळख पटते ती त्यानंतर, रिकाम्या दुकानातले दिवे मालवताना.