विरजणातले राखणदार

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचे आणि सकाळी घट्ट दही लागलेले पाहायचे, हा आपल्या घराघरांतला नित्यक्रम. पोट बिघडले की आजीचा पहिला सल्ला ताकभाताचाच! चरकसंहितेनेही ग्रहणीच्या विकारात ताकाची थोरवी सांगितली आहे. पण हे विरजण पोटात जाऊन नेमके करते तरी काय?

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाला हात घातला. बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय त्यांनी आंबवलेल्या दुधाला दिले. त्यांना १९०८ साली नोबेल मिळाले, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. दह्याविषयीचे त्यांचे म्हणणे तेव्हा तर्कच होते.

या तर्काचे मर्म समजायचे तर आतड्याचे अस्तर पाहायला हवे. हे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. उलगडून पसरले तर सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे दोन प्रशस्त खोल्या भरतील एवढे! अन्नरस आत घ्यायचा आणि रोगजंतूंना बाहेर रोखायचे, अशी दुहेरी कामगिरी त्याच्याकडे. पेशींमधल्या फटी प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात, वर चिकट श्लेष्म्याचे पांघरूण असते. तीन ते पाच दिवसांत जुन्या पेशी झडून नव्या येतात. हे टाके उसवले की नको ते पदार्थ आत झिरपतात आणि दाह सुरू होतो.

उपकारक जिवाणू इथे अनेक परींनी मदत करतात. त्यांच्या आम्लामुळे काही रोगजंतूंची वाढ खुंटते. जागा आणि अन्न यांतही ते रोगजंतूंशी स्पर्धा करतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत वेगळा काढलेला ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ हा वाण तर अशी प्रथिने स्रवतो, की ज्यांमुळे दाहातही अस्तराच्या पेशी तग धरतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

म्हणून प्रत्येक जुलाबावर हाच उतारा, असे मात्र नाही. अमेरिकेत ९७१ बालकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अतिसारावर हा वाण देऊनही विशेष लाभ दिसला नाही. उलट, प्रतिजैविकांमुळे मुलांना होणारे जुलाब काही विशिष्ट वाणांनी कमी होतात, असे अनेक चाचण्या सांगतात. तात्पर्य, गुण वाणागणिक बदलतो. घरच्या विरजणात कोणते वाण आहेत, हे चवीवरून कळत नाही. शिवाय दह्याची कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात. चव तेवढी उरते.

मग दह्याचे महत्त्व संपले का? मुळीच नाही. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना दही सोसते, कारण त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला हातभार लावतात. ताकासोबत ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी असली तर आणखी उत्तम. त्यांतल्या चोथ्यावर मोठ्या आतड्यातले आपले जिवाणू ब्युटिरिक आम्ल बनवतात आणि तेच तिथल्या अस्तराचे मुख्य इंधन.

मूल जुलाबाने मलूल झाले असेल, तर मात्र आधी जलसंजीवनी आणि डॉक्टर; दही त्यानंतर. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला जिवाणूंची पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बाकी निरोगी घरात विरजणाचे भांडे रिकामे पडू नये, हेच खरे.